दाणा न खाणारं पाखरू

५ डिसेंबर, शुक्रवार

संयोगिताबाईंनी आज ही वही दिली. पोरगी माझ्या लेकापेक्षा लहान असंल, पण हुकूम सोडती कलेक्टरागत. आठवड्यातनं दोनदा दवाखान्यातनं येती, मालकांचे हातपाय हलवून घेती, गिळायला शिकवती. म्हणाली, "काकी, काका काय खातात, किती खातात, ठसका लागतो का, सगळं रोज लिहायचं." मी म्हटलं, चौथी शाळा झालीया माझी, ती बी अर्धी. म्हणती, चालतंय. चालतंय तर चालतंय. पण एकदा लिहायला बसलो की मी निस्तं खाण्याचं लिहिणार न्हाय. मला मनात ठिवून जगता येत न्हाय.

तर मालकांस्नी दिवाळीच्या पाडव्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शिरोलीच्या फौंड्रीत साचं भरण्यात जन्म गेला, वितळल्या लोखंडापुढं हुबा ऱ्हायला माणूस, अन् आता चमचा धरता येत न्हाय. गिळताना पातळ काय बी चुकीच्या वाटंनं छातीत जातंय म्हणत्यात. म्हणून घट्ट द्यायचं, थोडं थोडं द्यायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरनी सांगितलंय, पाच जानेवारीला वजन करणार. घटलं असंल तर नाकातनं पोटात नळी.

नळीचं नाव काढलं तवा मालकांनी डाव्या हातानं माझा पदर धरला, सोडंचनात. बोलता येत न्हाय, पण कळतंय सगळं.

खाल्लं: सकाळी खिमट, चार चमचे. दुपारी तोंड मिटून घेतलं. रात्री खिमट, दोन चमचे आणि माझ्या शिव्या.

८ डिसेंबर, सोमवार

आज पांढरा रस्सा केलता. आमच्याकडं बाळंतीण असू दे, पैलवान असू दे, तापातनं उठल्यालं असू दे, पांढऱ्या रश्श्याबिगर अंगात ताकद येत न्हाय. संयोगिताबाईंनी पातळ नको म्हटलंय, पण तिला काय ठावं, ती डब्यातली सफरचंदं खाती. वाटीभर गाळून दिला. दुसऱ्याच घोटाला असा ठसका लागला की डोळं पांढरं झालं. पाठीत थापट्या मारल्या. शुद्धीवर आल्यावर मी ओरडलो, "हळू गिळायला काय हुतंय तुम्हास्नी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय. परड्याकडं बघत बसले.

सकाळी माझ्याकडं येळ कुठनं असणार? एमआयडीसीतल्या पोरांच्या खानावळीला भाकरी द्यायच्या असत्यात. एक डोळा तव्यावर, एक डोळा ह्यांच्या तोंडावर. घास घातला की धावत आत, भाकरी उलटली की धावत बाहेर. मालकांची खुर्ची परड्याच्या दारातच ठिवलीया, म्हंजे मला दोन्ही दिसतंय.

खाल्लं: न्हाय म्हटलं तरी चालंल.

९ डिसेंबर, मंगळवार

मालक काय बघत्यात ते कळलं. धुण्याच्या दगडावर एक पाखरू येऊन बसतंय. चिमणीएवढं. पाठ काळी, पोट विटंच्या रंगाचं. शेपूट सारखं थरथर थरथर, हिवताप आल्यागत. बसतंय, टक लावून भुईकडं बघतंय, टपकन खाली उतरतंय, परत दगडावर. पुन्हा थरथर.

शेजारची मीनाबाई भिंतीवरनं डोकावली. "अगं झुंबरअक्का, उपाशी दिसतंय गं बिचारं. थरथराय लागलंय बघ. दाणं टाक की."

मी मूठभर जोंधळं टाकलं. चिमण्या आल्या, पारवं आलं, साळुंक्या भांडल्या, सगळं फस्त. हे दगडावर बसून ऱ्हायलं, जसं काय ह्याला कुणी पत्रिकाच दिली न्हाय.

मी म्हटलं, "घरात एक, परड्यात एक. दोघं बी माजलेत."

मीनाबाई हसली. मालकांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसले का काय देव जाणे.

खाल्लं: सकाळी खिमट पाच चमचे, पाखराकडं बघत. ठसका न्हाय.

११ डिसेंबर, गुरुवार

मी हट्टाला पेटलो. शिळा भात टाकला, भाकरीचा चुरा, चिरमुरं, शेव, शेवटाला नारळाचा कीस. नारळाचा भाव काय झालाय! त्यानं ढुंकून बघितलं न्हाय. उलट शेव टाकली तवा उडून शेवग्यावर जाऊन बसलं, आणि टिक टिक टिक करून मलाच बोलाय लागलं.

"खाऊ नगो," मी म्हटलं, "मर तिकडं."

मालकांनी डावा हात वर करून मला गप्प बस अशी खूण केली. परड्यातल्या पाखरासाठी बायकूला गप्प करतोय! तीस वर्सांच्या संसारात भांडणात कधी हात वर केला न्हाय ह्या माणसानं.

खाल्लं: सकाळी निम्मी वाटी. दुपारी माझी घाई हुती, तीन चमचे. रात्री न्हाय.

१५ डिसेंबर, सोमवार

संयोगिताबाईंनी मालकांच्या दंडाला टेप लावली. तोंड बारीक केलं. मला आत बोलावून म्हणाली, "काकी, दंड कमी झालाय. असंच ऱ्हायलं तर नळीशिवाय मार्ग न्हाय. तुम्ही घास भरवताना बघितलं मी. एक गिळायच्या आत दुसरा घालताय तुम्ही."

"मग काय त्यांच्या गळ्याकडं बघत बसू व्हय?"

"हो. गळ्याकडंच बघत बसायचं."

मला राग आला. पोरी, तुझ्या घरी चुलीवर भाकरी करपत न्हाईत. पण आधण ठिवलं. चहा दिला. तिनं पाखराचा फोटू काढला मोबाईलमधी, कायतरी शोधलं, म्हणाली ह्याला थिरथिरा म्हणत्यात. थंडीत लांबनं येतंय, एकच परडं धरून ऱ्हातंय, आणि उन्हाळा लागला की जातंय.

म्हंजे चार म्हैन्याचं पावणं. खाणार काय पण?

१८ डिसेंबर, गुरुवार

आज लई वाईट झालं. मालकांच्या घासातलं सांडतंय, शिऱ्याचं कण पडत्यात, त्याला मुंग्या लागल्या. लाल मुंग्या. परड्यातनं रांग धरून खुर्चीच्या पायानं वर आल्या आणि मालकांच्या उजव्या पायाला डसल्या. पाय मेल्यागत, त्यांस्नी काय कळंना. मी धोतर सारलं तर पोटरी फोडागत उठल्याली. किती येळ डसत हुत्या, आणि हा माणूस गप बसून पाखरू बघतोय!

मला रडू आलं, पण मला रडण्यापेक्षा राग लवकर येतोय. दुकानातनं मुंग्यांची पावडर आणली आणि सगळ्या परड्यात टाकली. भिंतीच्या कडंनं, शेवग्याच्या बुडात, धुण्याच्या दगडाभोवती. एक मुंगी जिती ठिवली न्हाय. मुंगळं, गोमा, जे काय हुतं ते सगळं उलटं पडलं.

पायाला हळद आणि तूप लावलं. मालकांनी माझ्या डोक्यावर हात ठिवला. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, तेल लागलंय केसास्नी."

खाल्लं: निम्मी वाटी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पाखरू दिसलं न्हाय. परडं कसं चकचकीत झालंय.

खाल्लं: सकाळी निम्मी वाटी, रात्री सहा चमचे. ठसका एकदा.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी यशराजचा पुण्यास्नं फोन आला. हात पिठात हुते म्हणून फोन स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठिवला आणि भाकरी थापत बोललो. लेक म्हणाला, "आई, नळी घालूनच टाकूया. सगळे घालतात. दहा मिनिटांत पोट भरतं, ठसका नाही, काही नाही. तू किती मरशील?"

मी दमलोय. हे लिहिताना बी दमलोय. म्हटलं, "मला बी आता तसंच वाटाय लागलंय बाळा. पाच तारखेला घाला म्हणतो आणि सुटतो एकदा."

मनात आलं ते बोललो. खोटं का लिहू?

फोन ठिवून खिमट घेऊन दारात गेलो. मालकांनी तोंड मिटलं. चमचा लावला तर मान भिंतीकडं. दुपारी तेच. रात्री तेच. पाणी घट्ट करून दिलं, त्यातला एक चमचा गेला.

पाखरू आज बी आलं न्हाय.

खाल्लं: काय न्हाय.

२१ डिसेंबर, रविवार

आज बी काय न्हाय. हात धरून, गाल धरून, शिव्या देऊन, पाया पडून, सगळं झालं. डोळं मिटून बसलेत. मीनाबाई म्हणाली, "अगं, माणूस मनातनं खचलाय."

"कशानं खचलाय? परवापर्यंत खात हुता की."

"परवापर्यंत पाखरू येत हुतं," मीनाबाई म्हणाली.

मी धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसलो. पावडरीचा पांढरा पट्टा अजून तसाच. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते पाखरू दगडावरनं टपकन खाली उतरायचं ते काय उगं न्हाय. जिथं उतरायचं तिथनं मुंग्यांची रांग जायाची. एकदा त्याच्या चोचीत मुंगळ्याचा पाय वळवळताना मी बघितला हुता की ह्या डोळ्यांनी! ते दाणा खातच न्हाय. ते चालणारं-फिरणारं, जितं किडं खातंय. आणि त्याच्या ताटात मी इख टाकलं.

त्यानं इख खाल्लं नसू दे देवा. त्याच्यासंगं मालकांचा बी घास गेला.

२३ डिसेंबर, मंगळवार

काल खानावळीला सांगून टाकलं, दोन दिवस भाकरी न्हाय. मॅनेजर ओरडला. मी त्याच्याहून जोरात ओरडलो.

मग परडं धुतलं. झाडून पावडर गोळा केली, पोत्यात बांधली. दगडाभोवतालची माती खोऱ्यानं वरवर खरवडून काढली, बादल्या बादल्या पाणी ओतलं. शेवग्याचा पाला, केळीचं सोपट ओलं करून कोपऱ्यात ढीग घातला, म्हंजे किडं येतील. आणि मग गुळाची ढेप फोडली. भिंतीच्या कडंला खडं ठिवत गेलो.

मीनाबाईनं हे बघितलं आणि भिंतीवर बुक्क्या मारून हसाय लागली. "समदी दुनिया मुंग्या मारायला पावडर आणती, आणि ही बया गूळ घालून आवतान देती! अगं, अक्षता बी टाक की!"

"टाकतो. तुझ्या घरातल्या बी पाठीव," मी म्हटलं. "तुझ्या साखरंच्या डब्यात हायतच की."

"ते बरं ठावं तुला!"

गुडघ्यावर बसून सरकत सरकत सगळी भिंत केली. पाठ मोडली. मधीच वळून बघितलं तर मालकांनी डोळं उघडलेलं. माझ्याकडं बघत हुते. मी म्हटलं, "बघताय काय? तुमच्या पाखराच्या पंगतीची तयारी चाललीया. आलं की तुम्ही बी जेवायचं. न्हायतर दोघांस्नी बी घराबाहेर काढतो."

त्यांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. ऊन लागलं असंल, खुर्ची सावलीत वढली.

सांजंला वाटी घेऊन गेलो. तोंड उघडलं! पाखरू न्हाय, मुंगी न्हाय, तरी उघडलं. पोटात आग पडली असंल तीन-चार दिवसांची.

खाल्लं: नाचणीचं घट्ट, चार चमचे.

२७ डिसेंबर, शनिवार

गुळाला परवापास्नं मुंगळं लागलं. पाल्यात कसल्या कसल्या अळ्या झाल्या. मला आयुष्यात मुंग्या बघून आनंद कधी झाला नव्हता.

आणि आज सकाळी दगडावर थरथर! जितं हाय! मी आतनं "आलं!" म्हणून ओरडत धावलो, तर बांगड्या वाजल्या आणि ते भुर्रर्र. मालकांनी डोळं वटारलं. बोलता येत असतं तर त्यांनी मला "खुळी" म्हटलं असतं, ते मला ऐकू आलं.

मग पाट घेतला आणि त्यांच्या खुर्चीला लागून गप बसलो. बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. हललं की ते उडतंय, म्हणून हलायचं न्हाय. चमचा बी उचलायचा तो सावकाश. बसून बसून बघितलं तर त्याची एक रीत हाय. टपकन उतरतंय, एक मुंगळा उचलतंय, परत दगडावर. लगीच दुसऱ्याच्या मागं पळत न्हाय. शेपूट हलवत बसतंय, इकडं तिकडं बघतंय. खाल्ल्यालं खाली उतरलं की मगच दुसरं.

ते बसलं की मालक गिळत्यात. ते उतरलं की मी चमचा पुढं करतो. असं करत करत वाटी रिकामी झाली. मला कळलंच न्हाय. आत तव्यावरची भाकरी कोळसा झाली, धूर परड्यात आला तवा ध्यानात आलं.

खाल्लं: पुरी वाटी. ठसका न्हाय.

५ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात गेलतो. रिक्षातनं जाताना मालकांचा डावा हात माझ्या हातात, थंडगार. मी तो पदरात गुंडाळून धरला.

काट्यावर वजन घटलं न्हाय. जरासं वाढलंच हुतं. डॉक्टरनी कागद बघितले, गळा बघितला, पाणी घट्ट करून त्यांच्यासमोर पाजायला लावलं. मग म्हणाले, "नळीची गरज नाही सध्या." मालकांनी डोळं मिटून असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला.

संयोगिताबाई तिथंच हुती. विचारलं, "काकी, नेमकं काय बदललं तुम्ही?"

"मी काय बी न्हाय. पाखरू परत आलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? नुसतं बसतो की शेजारी. हललं की उडतंय ते."

"किती वेळ बसता?"

"लई येळ जातोय बाई. त्या पाखराच्या पायी खानावळीची सकाळची निम्मी ऑर्डर सोडून दिली मी."

ती डॉक्टरांकडं बघून हसली. काय हसण्यासारखं हुतं त्यात? धंदा बुडतोय माझा.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. मिसळीची भाजी शिजवून मिक्सरला गरगटा केली, तिळाचं कूट घालून. मालकांनी खाल्ली, आणि दुसऱ्यांदा तोंड उघडलं. यशराजला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो म्हणाला, "आई, एवढ्या हळू भरवतेस? तू?"

मी म्हटलं, हळू बोल, पाखरू बसलंय.

मीनाबाईनं तिच्या घरातला गूळ आणून भिंतीवर ठिवला. म्हणाली, "माझ्याकडनं बी पंगत." आता टिंगल करत न्हाय. रोज विचारती, "पावणं जेवलं का?" कुठलं पावणं ते सांगत न्हाय, मी बी विचारत न्हाय. दोन्ही जेवलं म्हणतो.

८ फेब्रुवारी, रविवार

मालकांनी आज डाव्या हातानं चमचा धरला. निम्मं अंगावर सांडलं. मी पुसायला गेलो तर हात बाजूला सारला. मग मी बी म्हटलं, सांडा. मुंग्यांस्नी तेवढंच.

पण एक भ्या वाटतंय. दुपारचं ऊन चटकाय लागलं. संयोगिताबाईंनी सांगितल्यालं ध्यानात हाय, उन्हाळा लागला की हे जातंय. गेलं की ह्यांचं काय? डिसेंबरात दोन दिवस दिसलं न्हाय तर अन्न सोडलंतं. ह्या बारीला तर ते म्हैनं म्हैनं यायचं न्हाय. कुणाला सांगू? मीनाबाईला सांगितलं तर म्हणाली, "तू खुळी हायस." काय समजून म्हणाली ते तिलाच ठावं.

खाल्लं: चांगलं.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड घरीच केलं, टांगून, घट्ट. मालकांनी दोन वाट्या खाल्लं आणि तोंडातनं "ग्वाड" असा कायतरी शब्द आला. संयोगिताबाई म्हणती तो शब्दच हुता. मी म्हटलं मला तर ढेकर वाटला. पण मी आत जाऊन दोनदा चूळ भरली आणि तोंड धुतलं.

पाखरू सकाळी हुतं. जरा लांब, शेवग्यावर. दगडावर उतरलं न्हाय.

२४ मार्च, मंगळवार

गेलं. शुक्रवारपास्नं न्हाय. शनवारी वाटलं मांजर बघून भ्यालं असंल. रविवारी सारा दिस वाट बघितली. आज मीनाबाईच्या परड्यात, पलीकडच्या गल्लीत, तालमीच्या मागं, सगळीकडं बघून आलो. गूळ तसाच पडलाय, मुंगळं नुसतं माजल्यात, खाणारं कुणी न्हाय.

ह्या वक्ताला मी शहाणा झालोय. मालकांस्नी काय बोललो न्हाय. नेहमीसारखा पाट घेऊन खुर्चीला लागून बसलो. बांगड्या वर सारल्या. हललो न्हाय. दगडाकडं बघून म्हटलं, "ते बघा, आलं. आता पाल्यामागं गेलं. बसा गप." एक घास. मग तेवढाच येळ थांबलो, जेवढा ते शेपूट हलवत बसायचं. मग म्हटलं, "आता उतरलं खाली." दुसरा घास.

वाटी अर्धी झाली तवा बघितलं, तर मालक दगडाकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत हुते. डावीकडनं हसत हुते.

"माझ्याकडं काय बघताय?" मी दटावलं. "तिकडं बघा की. उडून जाईल."

त्यांनी शहाण्या पोरागत मान दगडाकडं वळवली, आणि तोंड उघडलं.

खाल्लं: पुरी वाटी, वर आणि दोन चमचे. पाखरू गेल्यालं अजून त्यांस्नी कळलं न्हाय. मी कळू देणार बी न्हाय.